माजघरातली कोरडी जागा

माघ सरता सरता बाजारात नवी ज्वारी येते आणि माझ्या अंगात येतं. गहू, तांदूळ, डाळी कोणीही कुठूनही आणा, मी चकार शब्द काढत नाही. ज्वारी मात्र मला स्वतः बघून घ्यायची असते. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठ वर काढायची आणि आधी नाकाशी न्यायची. दुकानदार ओळखीचा आहे, त्याला हसू येतं. "आजी, वरची आन् खालची येकच हाय," तो म्हणतो. "असेल बाबा, तरी बघू दे," मी म्हणते. खालची चांगली निघाली की मला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकतं.

यंदा याच दिवसांत माझ्या नातीला घर घ्यायचं सुचलं. गौरी नगरला नोकरी करते, नवराही तिथेच. केडगावात एका नव्या इमारतीत फ्लॅट बघितलाय, तू चल, म्हणाली. मला घरातलं काय कळतं, असं मी तोंडदेखलं म्हटलं आणि लगेच लुगडं बदलून तयार झाले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दाखवायला आलेला मुलगा फार गोड बोलत होता. इथे हवा कशी खेळते, पाणी चोवीस तास कसं, उद्या रस्ता कसा रुंद होणार, सगळं त्याला पाठ. गौरी भिंतींना हात लावत होती, नळ सोडून बघत होती, खिडक्या उघडमीट करत होती. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि टाचेनं फरशीवर दोनदा आपटलं.

"आजी, काय करतेस?" गौरी ओशाळली.

"ऐकते," मी म्हटलं.

त्या मुलाला वाटलं, म्हातारीच्या पायाला मुंग्या आल्या. त्यानं खुर्ची आणून दिली. मी बसले आणि त्याला विचारलं, "खाली कोण राहतं?" तो गडबडला. हा प्रश्न त्याच्या पाठांतरात नव्हता.

गौरी परतीच्या वाटेवर रुसून बसली होती. मग हळूच म्हणाली, "पहिलंच घर आहे आजी, चूक नको व्हायला." तिच्या आवाजात जी धाकधूक होती ती मी ओळखली. हाच आवाज मी फार पूर्वी, लहानपणी, माझ्या आईच्या तोंडून ऐकला होता.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, रेशन संपलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. तोवरचा आमचा सगळा संसार बिऱ्हाडाचा. नगरला आम्ही ज्या घरात राहत होतो तिथे आड मालकिणीच्या अंगणात होता. तिचं स्नान, तिचं सोवळं, तिची धुणी उरकली की मग आम्हा बिऱ्हाडकरूंनी पाणी भरायचं. आई पहाटेपासून ओलेत्यानं घागर घेऊन कोपऱ्यात उभी असायची. सोवळ्याचं पाणी दुसऱ्या कोणी भरून चालत नसे, आणि मालकिणीच्या कोणा पोराचा हात लागला की घागर ओतून पुन्हा रांगेत. मालकीण वाईट नव्हती. पण दुसऱ्याच्या आडाशी उभं राहणाऱ्या बाईला मालकिणीचं चांगलं असणंही टोचतं. आई कधी भांडली नाही. रात्री अण्णांच्या पानात वाढताना एवढंच म्हणायची, "पाणी घरात असावं हो. झोपेतून उठलं की हात बुडवता येईल इतकं जवळ."

अण्णांची बदली सोनईला झाली तेव्हा तिनं हट्टच धरला, आता बिऱ्हाड नको. तिच्या अंगावरचं होतं नव्हतं ते तिनं काढून दिलं. मला ते तेव्हा कळलं नाही. तिचे हात मोकळे दिसायला लागले एवढं मात्र आठवतं.

किसनबापू म्हणून एक कुणबी होते. शेतातल्या विहिरीला पाणी बरं लागलं म्हणून ते मळ्यातच राहायला निघाले होते आणि गावातलं घर विकायचं होतं. धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती, पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकाची खोली आणि परसात स्वतःचा आड. स्वतःचा! आईनं तो आड बघितला आणि बाकीचं घर बघण्याआधीच तिचं मन ठरलं असावं. तरी अण्णा मास्तर माणूस, तपासणी केल्याशिवाय कसा राहील? त्यांनी धाब्यावर चढून पांढऱ्या मातीचा थर बघितला. भिंतींवर छडी मारून पोकळ वाजतंय का पाहिलं. दाराची दिशा बघितली, शेजार कोणाचा ते विचारलं, आडाचं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन बघितलं. नगरला जाऊन कागद तपासून आले. हेडमास्तरांनी त्यांना बजावलं होतं, घर घेताना लाजायचं नाही, वाटेल ते विचारायचं. अण्णांनी वाटेल ते विचारलं.

आता वाटतं, माणूस नव्या घरात जुन्या घराची दुखणी शोधत असतो. जिथे आधी बोच लागली तेवढंच तो चाचपून बघतो. अण्णांना नगरच्या गळक्या कौलांनी छळलं होतं, म्हणून त्यांनी धाबं बघितलं. आईला पाण्यानं छळलं होतं, म्हणून तिनं आड बघितला. ज्यानं कधी छळलंच नाही त्याच्याबद्दल काय विचारायचं, हे कोणाला सुचणार? भुईबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. भुई काय, पायाखाली असतेच.

घर ताब्यात आलं तो दिवस चैत्रातला होता. गावात खळी नुकतीच उरकली होती, हवेत कडब्याचा वास होता, आणि ज्याच्या त्याच्या अंगावर ज्वारीचं बारीक, खाजरं कूस होतं. आम्ही सामान घेऊन गेलो तेव्हा किसनबापूंची बायको, गयाबाई, माजघर सारवत होती. घर विकून झालं होतं, तरी ती शेवटचं सारवण स्वतःच्या हातानं करत होती. उंच, काळीसावळी, नाकात मोठी नथ. सारवून झालं, हात धुतले, आणि मग माजघराच्या मधोमध ती वाकली. ओल्या भुईला तिनं हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. आई दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले. घर सोडून जाणाऱ्या बाईचा निरोप आहे, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

जाता जाता गयाबाई आईजवळ थांबली. मागे वळून तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो गाडीला बैल जुंपत होता. मग हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, येक सांगू का? हे माजघर तेवढं कोरडं ठिवा. आमच्या सासूपासनं आमी हितं पानी ठिवलं न्हाई."

"बरं हो," आई म्हणाली.

ती गेल्यावर आई अण्णांना म्हणाली, "त्यांच्यात तशी पद्धत असेल." एवढंच. त्या तीन-चार शब्दांत तिचा काही दुष्टपणा नव्हता. तिला वाटलं, ही शेतकरी माणसं, पाणी ओसरीवर ठेवत असतील, हातपाय बाहेर धूत असतील. आपलं घर वेगळं, आपल्याला देव्हाऱ्याशी, चुलीशी पाणी लागतं. दुसऱ्याच्या रीतीला आपण 'पद्धत' म्हणतो आणि तिथेच सोडून देतो. त्या पद्धतीला काही कारण असेल, ती काही राखत असेल, हे मनात येत नाही.

आणि मग आईनं आपलं पाण्याचं घर मांडलं. कुंभाराकडून दोन मोठे रांजण आणले. कुठे ठेवावे म्हणून ती अनवाणी पायांनी घरभर हिंडली, आणि माजघराच्या मधल्या जागेशी येऊन थांबली. "इथली भुई गार लागते," ती आनंदानं म्हणाली. रांजण टेकवले तेव्हा खालून जरा दबका आवाज आला, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं अण्णांना सांगितलंही. "उंदरांनी पोखरलं असेल," अण्णा वहीतून मान वर न करता म्हणाले. मग तिनं भोवती नदीची वाळू घातली. ती वाळू ओली ठेवायची, म्हणजे पाणी गार राहतं. सकाळी ती आडावरून ओलेत्यानं यायची, घागरी रांजणात रिचवायची, हिंदकळून सांडायचं, निथळत्या लुगड्याचं पाणी गळायचं, आणि कोणाचा स्पर्श झाल्याचा नुसता संशय आला तरी ती तेवढी जागा पाण्यानं धुऊन काढायची. उन्हाळाभर आमचं माजघर गार होतं. शेजारच्या बायका दुपारी टेकायला यायच्या, रांजणांकडे बघायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. आईला वाटायचं, कौतुकानं बघताहेत.

आईला मी इतकी आनंदात पुन्हा कधी बघितली नाही. तिनं भिंतीत खुंट्या ठोकल्या, गरज नव्हती तिथेही ठोकल्या. रात्री झोपण्याआधी रांजणावरचं झाकण काढून पाण्यात हात बुडवायची आणि तोच ओला हात माझ्या तोंडावरून फिरवायची. त्या ओल्या हाताचा गारवा मला अजून गालावर जाणवतो. आणि तो जाणवला की पुढचं सगळं आठवतं. एकातून दुसरं सोडवता येत नाही, याचंच मला वाईट वाटतं.

त्या वर्षी पाऊस मृगात दिसला आणि नंतर हुलकावण्या देत राहिला. हस्ताचा तर पडलाच नाही. आमच्याकडे ज्वारी येते ती त्या मागच्या पावसावर. दिवाळीनंतर शाळेला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं नुसती काळी पडलेली दिसायची, भेगाळलेली. पौष आला, कोणी हुरड्याला बोलावलं नाही. माघ आला, खळ्यांवर कोणी पाणी मारलं नाही. एरवी या दिवसांत गावात मळणीचा आवाज असायचा, पाखरं हाकलणाऱ्या पोरांच्या आरोळ्या असायच्या. त्या माघात गाव आजारी माणसाच्या घरासारखं गप्प होतं. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातली लाल ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला चव नव्हती आणि घशाखाली उतरताना ती टोचायची. आम्ही ती खायचो, कारण अण्णांचा पगार होता आणि रेशनचं कार्ड होतं. शेतकऱ्यांची तऱ्हा वेगळी होती. ज्याच्या घरात धान्य असेल त्यानं ते सरकारात घालायचं, असा हुकूम होता. माणसं येऊन कणग्या तपासून जायची. गावात धान्य या शब्दाचा उच्चार कोणी मोठ्यानं करत नसे.

एका रविवारी दुपारी किसनबापू आणि गयाबाई आमच्या दारात आले. बरोबर रिकामी पाटी होती. बापू ओटीवर बसले, डोईचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ ते नुसतं चाचपत राहिले. अण्णांनी पाणी विचारलं, चहा विचारला. बापूंनी नको म्हणून मान हलवली.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "तुमच्या माजघराखाली आमचं पेव हाय."

"पेव?"

"व्हय. ज्वारीचं. भुईत खड्डा खनून गेल्या सुगीला भरल्यालं. घर इकलं तवा ते भरल्यालंच हुतं."

अण्णांचा चेहरा मी बघत होते. ते आधी घाबरले. सरकारी शाळेचा मास्तर, आणि त्याच्या घराखाली दडवलेलं धान्य! "मला सांगितलं का नाही?" ते म्हणाले.

"सांगावं का नगं, म्हनून राती जागून काढल्या. पन तुमी पडला सरकारी मानूस. तुमाला ठावं नसलं म्हंजी तुमाला खोटं बोलायची पाळी न्हाई. आन् भरल्यालं पेव गरज पडल्याबिगर उघडत न्हाईत मास्तर. येकदा त्वांड उघडलं की समदं काढावं लागतं, न्हाईतर नासतं." त्यांनी रिकाम्या पाटीकडे बघितलं. "आता गरज पडली हाय. मळ्यातली हीर आटली. घरात दाना न्हाई."

इतक्यात आतली भांड्यांची खुडबुड थांबली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, "पेव नेमकं कुठे आहे?" आणि विचारतानाच तिला ते कळलं असावं, कारण तिनं चौकट धरली.

गयाबाई तोवर ओटीवरून माजघरात गेली होती. माजघरात अंधार असायचा, बाहेरून आलेल्याला लगेच दिसत नसे. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिला रांजण दिसले, वाळू दिसली, ओली भुई दिसली. ती ओरडली नाही. तिनं मान वर करून आईकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "म्या सांगितलं हुतं."

आईनं पदर खोचला आणि रांजणातलं पाणी घागरीनं उपसून परसात ओतायला लागली. ते पाणी तिनं झाडांना घातलं नाही, कशालाच घातलं नाही. नुसतं दूर फेकत राहिली. अण्णा आणि बापूंनी रांजण हलवले. वाळू काढली, खालची माती काढली. माती काळी, चिकट झाली होती, खोऱ्याला धरून बसत होती. तिच्याखाली दगडी शिळा लागली. तिच्या कडेनं बापूंनी पहार घातली आणि शिळा सरकवली.

तो वास मी कसा सांगू? कुजलेल्या धान्याचा वास घाणीच्या वासाहून वाईट असतो, कारण त्यात थोडा भाकरीचा वास उरलेला असतो. अण्णांनी नाकाला धोतर लावलं. बापूंनी लावलं नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आत कोंडलेली हवा माणसाला मारते. म्हणून त्यांनी दोरीला दिवा बांधून आत सोडला. दिवा विझला. सगळे वाट बघत बसले. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. त्या सबंध दुपारी आमच्या घरात चार मोठी माणसं एका भोकाच्या कडेला बसून होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

दिवा जळत राहिला तेव्हा बापू कमरेला दोर बांधून उतरले. वर ढेकळंच ढेकळं निघाली. काळी, एकमेकांना चिकटलेली, त्यांतून पांढरे कोंब फुटून तेही सडलेले. गयाबाई पाटी ओढून घ्यायची, ओतायची, बोटांनी फोडून बघायची. "आजून खाली जा," ती वाकून म्हणायची. "खाली चांगली असंल." बापू खाली जायचे. पुन्हा पाटी वर यायची. "भिताडाकडची काढा," ती म्हणायची. "भिताडाकडं पानी गेलं नसंल." आई तिच्या शेजारी बसून तीही बोटांनी ढेकळं फोडत होती. माझ्या आईला त्या दिवशी सोवळं आठवलं नाही. दोघी बायका त्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून एकेक शाबूत दाणा शोधत होत्या. आईचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेते असं मला वाटलं. जवळ गेले तर ती नुसतं "खाली चांगली असेल, खाली चांगली असेल" म्हणत होती.

खाली चांगली नव्हती. एका बाजूच्या भिंतीला लागून थोडी निघाली, तीही वास मारणारी. सगळी मिळून त्यांची पाटी काठोकाठ भरली नाही.

बापू वर आले आणि भिंतीला टेकून बसले. अण्णा एकदाच, फार हळू, कागद तपासणाऱ्या माणसाच्या सवयीनं म्हणाले, "कायद्यानं पाहिलं तर जमिनीखालचंही आमच्याच खरेदीत..." आईनं त्यांच्याकडे बघितलं. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि पुढे जन्मात कधी उच्चारलं नाही.

मग आई गयाबाईला म्हणाली, "घर परत घ्या. आम्ही बिऱ्हाडानं राहू. आम्हाला सवय आहे."

त्या घरासाठी आईनं काय काय सोडलं होतं हे मला आता माहीत आहे. तिनं ते वाक्य सहज म्हटलं नव्हतं. तिच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते तिनं पुढे केलं.

गयाबाईनं हात झटकले. "घर घिऊन काय खाऊ, बाई?" ती म्हणाली.

ती रागानं बोलली असती तर आईला सोपं गेलं असतं. तिनं खरंच विचारलं होतं. आई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि डब्यात होती नव्हती ती मिलो सुपात घालून घेऊन आली. गयाबाईनं ती पदरात बांधून घेतली. नको म्हणण्यासारखी तिची वेळ नव्हती, घरी लेकरं होती. जाताना तिनं माजघराच्या भुईला हात लावला नाही.

नासलेली ज्वारी बाहेर नेऊन पुरावी लागली. वासामुळे सगळ्या आळीला कळलं, पण कोणी चावडीपर्यंत गेलं नाही. शेजारची म्हातारी आईला म्हणाली, "आमाला वाटलं, तुमाला ठावं हाय. मास्तरांनी पेव इकत घेतलं आसंल, त्यांची ज्वारी, त्यांचं पानी, आपन कशाला बोलावं?" साऱ्या गावाला ठाऊक होतं. जे साऱ्या गावाला ठाऊक असतं ते नवख्या माणसाला कोणी सांगत नाही, आणि नवखा माणूस ते विचारत नाही. घर विकणारा लबाड नव्हता, घेणारा मूर्ख नव्हता. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होते, आणि त्यात एका घराचं वर्षाचं अन्न गेलं.

त्या उन्हाळ्यात किसनबापूंचं सगळं बिऱ्हाड श्रीरामपूरकडे उसाच्या कामाला गेलं. गाडी आमच्या दारावरून गेली. मुलं मागे बसली होती, गयाबाईचं तोंड दुसरीकडे होतं. 'बिऱ्हाड' हा शब्द त्या दिवसापर्यंत आमचा होता, तो त्या दिवशी त्यांच्याकडे गेला. आई ओटीवर उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

मग तिनं रांजण परसात नेऊन ठेवले. ज्या पाण्यासाठी तिनं घर मागितलं होतं ते तिनं स्वतःहून बाहेर काढलं. पहाटे उठून ती पाण्यासाठी पुन्हा बाहेर जाऊ लागली, थंडीत, पावसात, पूर्वी जात होती तशी. फरक एवढाच की आता तिला कोणी थांबवत नव्हतं. सोवळंही तिनं परसातच निथळून मग आत आणायला सुरुवात केली. माजघरात कोणाच्या हातून पाण्याचा पेला कलंडला तर ती धावत यायची आणि पदरानं टिपून घ्यायची. मोठं फडकं शोधण्याइतकाही धीर तिला नसे. मी एकदा म्हटलं, "आई, पेव रिकामं आहे ना?" तिनं मला गप्प केलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. सुगी अशी आली की माणसांनी आधीची आठवणच काढू नये. किसनबापू परत आले होते, मळ्यातली विहीर भरली होती. आईनं गड्याकडून पेव साफ करून घेतलं, आत निंबाचा पाला जाळून धूर केला, भिंतींना शेणमाती लिंपून घेतली, तळाला नवा कडबा घातला. तोंड उघडं ठेवून ते वाळवलं. अण्णांनी बापूंना निरोप धाडला, पेव तयार आहे, ज्वारी आणून घाला, आम्हाला काय व्हायचं ते होवो. सरकारी मास्तरानं असा निरोप धाडणं म्हणजे काय, ते बापूंना कळलं असणार. ते स्वतः येऊन ओटीवर बसले, चहा प्यायले. "बघू मास्तर," म्हणाले.

फाल्गुनात रोज गाड्या जायच्या. पोत्यांनी लादलेल्या, जडशीळ. चाकांचा आवाज दुरून ऐकू आला की आई हातातलं काम टाकून दारात यायची. गाडी पुढे निघून जायची. बापूंनी मळ्यातच कणग्या केल्याचं आम्हाला नंतर कळलं. बाजारात गयाबाई भेटायची, नीट बोलायची, पोरीबाळींची चौकशी करायची. घरी ये म्हटलं की "यीन की बाई" म्हणायची. ती आली नाही. दर सुगीला आईनं पेव पुन्हा झाडलं, धुरी दिली, कडबा बदलला, शिळा बसवून वरून सारवलं. शेजारणी हसत असतील. आईनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिची त्या घरातली सगळी वर्षं एका गाडीची वाट बघण्यात गेली.

केडगावच्या त्या फ्लॅटचं गौरीनं नक्की केलं. मी तिला काही शिकवलं नाही. माझ्या सांगण्यानं तिच्या चुका टळतील असं मला वाटत नाही; ती तिच्या दुखण्यापुरतं तपासणार, तिला जे छळलं नाही ते तिच्या नजरेतून सुटणार. एवढंच म्हटलं की त्या जागेची जुनी माहिती असलेलं किंवा शेजारचं कोणी हलक्या आवाजात काही सांगायला आलं तर नळ बंद कर आणि ऐक. आणि खालच्या मजल्यावर जाऊन ये एकदा. पेढे घेऊन जा. तुमच्या पायाखाली त्यांचं छप्पर आहे. गौरी बरं म्हणाली. गयाबाईला आईही तेव्हा 'बरं'च म्हणाली होती, म्हणून मी तेच दोनदा सांगितलं.

एकोणीसशे चाळीसचं दशक संपत आलं तेव्हा अण्णांची बदली झाली आणि सोनईचं घर विकावं लागलं. घ्यायला आला तो एक तरुण कंपाउंडर होता, नवं लग्न झालेला. तो अण्णांबरोबर धाब्यावर चढला, त्यानं भिंती ठोकून बघितल्या, आडाचं पाणी चाखलं. त्याच्या बायकोला आईनं हाताला धरून आधी माजघरात नेलं. ना देव्हारा दाखवला, ना चूल. मधल्या जागेशी उभं केलं आणि खाली पेव आहे हे सांगितलं, ते किती खोल आहे, शिळा कुठे आहे, तेही सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कोणीही ऐकावं असं.

"इथे पाणी ठेवू नका," आई म्हणाली. "सांडलं तर लगेच पुसून घ्या."

ती पोर घाबरून बाजूला सरकली. "खाली धान्य आहे का?"

"नाही."

"मग हो?"

आईनं वाकून त्या कोरड्या भुईवरून हात फिरवला. कुठे ओल नाही ना, ते बघितलं.

"अजून आलेलं नाही," ती म्हणाली.